निचरा

चाळीस वर्षं मी पाणी काढून द्यायचं काम केलं.
दिग्रजपासून बोरगावपर्यंत जिथे जिथे
कृष्णा पाजून पाजून उसाचं रान फुगलं,
तिथे चर खणला, भोकाभोकांचा पाईप अंथरला,
वर जाळी गुंडाळली, ओढ्याला तोंड काढून दिलं.
क्षार मधोमध कधी येत नाही.
बांधाकडून येतो. पहिल्या वर्षी कुणाच्या ध्यानात येत नाही,
दुसऱ्या वर्षी वाटतं, दव असेल.

डोळ्याचंही तसंच.
आधी कडेचा विजेचा खांब गेला,
मग डावीकडून येणारी मोटारसायकल,
मग ताटातली चटणी.
राजमती, आज चटणी वाढली नाहीस?
ती बोलली नाही काही. ताट फिरवलं.

मिरजेत शिरगुप्पे मॅडमनी
यंत्रावर हनुवटी टेकायला लावली.
काचबिंदू, म्हणाल्या, दाब चौतीस.
पाणी बनतंय, बाहेर जायची वाट बुजलीय.
मला हसू आलं. म्हटलं, मॅडम,
हे रान माझ्या ओळखीचं आहे.

तेवढं ओळखीचं नव्हतं.
आमच्यात तीन पावसाळ्यांत पांढरी जमीन काळी होते.
इथे गेलं ते गेलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा राजमतीकडे बघून.

वरच्या पापणीआड, पांढऱ्यात, एक झडप कापायची,
पाणी तिथून झिरपेल. अवघड ते नाही.
अवघड पुढे आहे:
अंगाला कळत नाही की हे भोक मुद्दाम ठेवलंय.
भोळं असतं अंग. जखम दिसली की धावत येतं,
धागे विणतं, बुजवून टाकतं,
आणि दाब परत चौतीस.

मग जाळी कसली लावता? मी विचारलं.
जखम भरू न देणारं औषध, त्या म्हणाल्या.
पण ते पातळ. नको तिथे पसरतं.
(तणनाशक फवारावं आपल्या उसात
आणि वाऱ्याने जळावी शेजारच्याची द्राक्षं.)
म्हणून आता ते जेलमध्ये घालून बघतोय.
नवं आहे, सही लागेल.
थंड असताना पाण्यासारखं,
अंगाची ऊब लागली की जागीच घट्ट,
मग हळूहळू सुटत राहतं.
राजमती पहिल्यांदाच बोलली:
म्हणजे पिठलं.
मॅडम हसल्या नाहीत. अगदी पिठलं, म्हणाल्या.

टेबलावर पडल्या पडल्या
एक गार ठिपका कळला, मग तोही कळेना.
बसलं असेल धरून.
आई गुडघ्यावर हळद दाबायची, म्हणायची, भरंल लवकर.
सगळं लवकरच भरलं आमचं.
भरमगोंडाशी वाटणीवरून वाजलं तेही.
माझ्या पाईपाचं तोंड त्याच्या हद्दीत निघतं म्हणून
त्याने सिमेंटचं पोतं कोंबलं,
मी ते काढलं नाही, तक्रार केली नाही,
बोलणं तेवढं थांबवलं.
लोक म्हणाले, बरं झालं, मिटलं.
वर छान कातडं आलं. सतरा वर्षं.
माझ्याच रानाचा खालचा कोपरा पांढरा,
आणि मी गावभर दुसऱ्यांचं पाणी काढत हिंडतो.

दाब तेरा आला.
सूर्य बुडाल्यावर स्वतः पाण्याचा घोट न घेणारी राजमती
रात्री दहाला माझ्या डोळ्यात थेंब घालते,
पापणी उचलून बघते: छोटीशी फुगवटी.
भरली नाही ना?
नाही भरली.
हे तिच्या तोंडून चांगली बातमी म्हणून ऐकायला
अजून विचित्र वाटतं.

आठव्या दिवशी पट्टी निघाली, अंगणात बसलो होतो.
डाव्या कडेला, जिथे मला आता काहीच नाही,
तिथे तंबाखूचा वास आला,
चुना मळायचा आवाज.
कधीपासून उभा होता कुणास ठाऊक.
बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागते,
मॅडमनी तशी सवय लावायला सांगितलंय.