तळ

यंदा कोण चमकणार, विचारतात मला,
मिरजेच्या कॉलेज ग्राउंडबाहेर
बूट शिवणाऱ्याला.

सर वही बघतात. मी बुटांचे तळ.

मगदूमचे नवेकोरे, झिजलेत फक्त टाचेला :
पोरगं उभं राहतंय, पळत नाही.
मुजावरच्या डाव्याचा अंगठा तिसऱ्यांदा उसवला.
लिहून ठेवा, दहा तरी गोल.

एलिशाचं कोडं सुटेना.
राखीव गोलकीपर. गेल्या साली एक मॅच नाही,
तरी दोन्ही बुटांच्या आतल्या कडा
उंदरानं खाल्ल्यागत.
कुठं झिजवतो हा?

परवा पहाटे दिसला, कृष्णाघाटाच्या रस्त्याला,
गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत,
आपलाच आपण अडवत,
एकटाच ओरडत, "माझा!"

पैसे घेतलेच त्याच्याकडून.
दोरा तेवढा दुहेरी घातला.