अकर्मक

पानाला दीडशे रुपये. शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या गल्लीत
झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल.
इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी, शिक्क्यासह.
सकाळपासून परिच्छेद सातवर अडले आहे:
अर्जदार बाई, राहणार धनकवडी,
सामनेवाल्यासोबत नऊ वर्षं,
आणि पुढे ते क्रियापद. कोहॅबिट.

अकर्मक, म्हणतो कोश.
कर्म लागत नाही, नुसतं 'सोबत' लागतं.
बाईंना विचारा, कर्म लागतं की नाही ते.
उदाहरणं दोन. एक जोडप्याचं,
दुसरं एकाच कपारीतल्या पाकोळ्यांचं आणि वटवाघळांचं.
पाकोळ्यांना लग्नाचं कुणी विचारलेलं नाही.

'सहवास' लिहावा तर
शाळेच्या फळ्यावर तो सज्जनांचा असतो,
कोर्टात आला की वकील खाकरतात.
'नांदली' लिहावं तर
त्या शब्दाला आधी माप ओलांडावं लागतं.
आणि त्याचं प्रयोजक रूप, नांदवणे,
त्यात कर्ता कायम नवराच.
'ठेवली होती' हे सामनेवाल्याचं मराठी,
त्याच्या जबाबात, पान चार.
त्याचं इंग्रजी मीच केलं, शिक्क्यासह. पैसे घेतले.

"मॅडम, 'राहत होती' टाका नि मोकळ्या व्हा,"
अ‍ॅडव्होकेट लडकत म्हणाले.
राहत होती.
हॉस्टेलवर राहतात तशी.
पातेल्यात आमटी राहते तशी.

सोबत जोडलेली यादी:
प्रेशर कुकर एक. डासांची जाळी, डबल.
गॅसचं कार्ड त्याच्या नावावर, नंबर लावायची ती.
त्याच्या आईचे पाय सुजले
तेव्हा ससूनच्या रांगेत पहाटे पाचपासून ती.
यातलं नेमकं कुठलं अकर्मक?

संध्याकाळी कागद घरी आणला. कर्वेनगर, तिसरा मजला.
दारावर दोन आडनावं, दोन पाट्या.
बारटक्क्यांची पितळी, आधीची,
माझी प्लास्टिकची, सहा वर्षांपूर्वीची, जरा तिरकी.
सोसायटीच्या फॉर्मवर 'नाते' या रकान्यात
आम्ही आडवी रेघ मारतो.
सेक्रेटरी दरवर्षी विचारतात, ही रेघ कसली?
बारटक्के दरवर्षी सांगतात, सरळ.

ते कारली चिरत होते,
बिया वेगळ्या वाटीत. का, ते विचारायचं मी सोडलंय.
मी शब्द मोठ्यानं वाचला.
त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "कोऽहं?"
"अहो, कोहॅबिट."
"हॅबिट म्हणजे सवय ना?"
वाटी खिडकीत ठेवून आले,
विषय विसरले असं वाटलं मला,
आणि मग म्हणाले, "बरोबर आहे की मग."

दहा वाजता विचारलं, झालं का पान?
म्हटलं, पेन्सिलीनं 'नांदली' लिहिलंय.
लडकत उद्या काट मारतील. मीच खोडू का?

"राहू दे," म्हणाले,
आणि माझ्या बाजूचा दिवा तेवढा
चालू ठेवून झोपले.