खारा बांगडा, घरपोच

लग्नाआधी मी कुडाळला मोबाईलच्या दुकानात बसायचे,
म्हणून घरातलं मार्केटिंग माझ्याकडे आलं,
जसा दिराकडे इंजिनाचा पाना.

पेजवर सासूचे हात आहेत फक्त, मिठातले.
चेहरा द्यायला ती तयार नव्हती.
"तोंड विकूचा नाय माका, बांगडो विकूचो हा."

कोर्सात सांगितलं होतं, ग्राहक कोण ते आधी ठरवा,
वय, गाव, आवड. मी वहीत रकाने पाडले.
ती पेडवे निवडता निवडता सांगत गेली:
परुळ्याची बाई, शाळेतली, तिला डोकी काढून लागतात.
एसटीतला तो उंच माणूस महिनाअखेर येत नाही,
तेव्हा त्याला हाक मारायची नाही.
पाटच्या म्हातारीला दात नाहीत, तिला गोलमाच.
रकाने भरले, पण आवड कुठे संपते
आणि उधारी कुठे सुरू होते
ती रेघ मला मारता आली नाही.

"शेअर करा" असं मी खाली लिहिलं.
शेअर म्हणजे काय गो?
वाटा, मी म्हटलं.
"फुकटचो वाटो?"
तिने फोन पालथा घातला.

दर इनबॉक्समध्ये कळवू, हे तर तिला मुळीच पटलं नाही.
"कानात कित्याक सांगूचो? चोरीचो माल हा काय?"
तेव्हापासून आमच्या प्रत्येक फोटोवर दर आहे,
बाजारात ओरडावा तसा, मोठ्या अक्षरात.

एकाने एकच तारा दिला. पार्सलला वास येतो म्हणून.
ती म्हणाली, "वास येना नाय, तेव्हा पैशे परत माग म्हणा."

चालला तो एकच व्हिडिओ:
ती झावळी घेऊन कावळ्यामागे धावते, पदर खोचलेला,
आणि शिव्या, ज्या मला कापता आल्या नाहीत.
दोन लाख लोकांनी पाहिला.
ऑर्डरी चार.

मग महिनाभर काही नाही.
मी टाकायचे, कुणाला दिसायचं नाही.
"अष्टमीचो भांग हा तो," ती म्हणाली,
"पाणी येता, पण पायरेक लागना नाय.
उधाण येयसर जाळी शिवूची."
मी जुने फोटो नीट लावत बसले.

आणि एका दुपारी ऑर्डर.
अर्धा किलो बांगडा, पाव किलो गोलमा.
नावाच्या जागी फुलपाखरू, पण पत्ता ओळखीचा:
आमचीच वाडी, पिंपळाकडचं घर.
गडग्यापलीकडची मनोरमाकाकी, नातीच्या फोनवरून.
गडगा हातभर कोणी सरकवला
यावर एकोणीस वर्षं बोलणं नाही,
गणपतीसुद्धा वेगवेगळ्या पाणंदीने जातात.

मी म्हटलं, पटकन देऊन येते.
"घरपोचाचे साठ भरल्यानी ना?
मगे कुरियर जाऊ दे."
तोलून झाल्यावर तिने दोन बांगडे वरती घातले
आणि चिकटपट्टी स्वतः ओढली.

पार्सल निवतीहून कुडाळला गेलं,
कुडाळहून घाट चढून कोल्हापूरच्या गोदामात.
भात गाळताना ती विचारायची, "आता खय पावला?"
अजून गोदामात.
"भिजूचा नाय मां?"
आता उतरतंय, आये.

पाचव्या दिवशी कुरियरचा पोरगा आमच्याच बेड्यात उभा,
पिंपळाकडचं घर कुठलं म्हणून.
ती बोलली नाही. हात वर केला,
गडग्यापलीकडे.

चार तारे आले.
माल बरो. मीठ वायच जास्त.

चोवीस तासांत उत्तर द्यावं लागतं, मी म्हटलं,
आभार मानायचे, नाव घेऊन.
"नाव घेऊन?"
ती बराच वेळ ओटीवर पाय पसरून बसली.
"तिका पयल्यापासून मीठ कमीच लागता."
हे लिहू?
"ह्या नको."

चौकट तशीच रिकामी ठेवून मी फोन चार्जिंगला लावला.
रात्री वारा फिरला,
पलीकडून निखाऱ्यावर काहीतरी भाजल्याचा वास आला.
मला वाटलं, ती झोपली असेल.
"आपलोच आसा," अंधारातून म्हणाली,
आणि कूस बदलली.