कथील

एल आल्तोत पाणी लवकर उकळतं,
आभाळ फारच खाली आलंय ना इथे.
नर्स हेनोवेवा म्हणाली, फसू नकोस सेवेरो,
चांगलं खळखळू दे, मगच शेगडी बंद कर.
आणि पार निवेस्तोवर थांबू नकोस;
पावडरीतही काहीबाही जिवंत असतं,
त्याला चटका लागतो.

आधी पाणी. मग पावडर.
चमचा सुरीच्या पाठीने सपाट.
बत्तीस वर्षं वानुनीच्या खाणीत
सुरुंगाची दारू भरली या बोटांनी,
थरथरली नव्हती.

बाटली गार पाण्यात धरून फिरवली.
मनगटावर थेंब टाकला,
कातड्याला काही कळेना.
शेजारच्या पोराला हाक मारली,
त्याच्या मनगटाने सांगितलं, चालेल.

कान्तुता अर्धं पिऊन झोपली.
तिची आई चिलीत द्राक्षं खुडते,
तेव्हा हा डबा येतो.
तरी उरलेलं मोरीत ओतलं.
ओतताना तोंड फिरवलं एवढंच.

झाकण घट्ट लावलं,
उघडल्याची तारीख खिळ्याने कोरली,
शेगडीपासून लांब, कोरड्या फळीवर ठेवला.
मग टिचकी मारून पाहिली.
पत्र्याला आतून कथलाची कल्हई असते म्हणतात.
कुठल्या बोगद्यातलं, कोण जाणे.