अठरा चौदा

फेब्रुवारीतल्या मंगळवारी पोस्टमन
सहकारनगरच्या तिसऱ्या मजल्यावर चढून सही मागतो.
पाकिटावर परकं तिकीट, आणि प्रभुदेसाई मोडून
दोन माणसं केलेली: प्रभू, स्वल्पविराम, देसाई.

गाडी भाड्याने देणाऱ्यांचं आभारपत्र असेल, तू म्हणालास.
फोन धरला कागदावर,
तर इटालियन ओळी थरथरत थरथरत मराठीत उतरल्या:
‘निषिद्ध ऐतिहासिक केंद्रात आपले वाहन संचारित झाले.’
गाव सिराकूझा. बारा एप्रिल.
वेळ अठरा चौदा.
दंड ब्याण्णव युरो, टपालखर्च वेगळा.

म्हणजे तो लाल दिवा. कमानीवरचा.
आपल्याला वाटलं होतं, कुठल्या तरी सणाची रोषणाई.

अठरा चौदा.
तेव्हा आपण भांडत होतो.
मी सांगत होते डावीकडे, नकाशातली ती बाई सांगत होती सरळ,
आणि तू तिचं ऐकलंस.
तिथून गाडी बाणेरच्या फ्लॅटवर गेली,
फ्लॅटवरून तुझ्या आईच्या शेवटच्या वर्षावर,
रात्री कोण जागलं, कोण नाही.
समुद्र हाताच्या अंतरावर होता
आणि एकानेही मान वळवली नाही.

छे, तू म्हणतोस.
तेव्हा तू संत्रं सोलत होतीस.
आतून रक्तासारखं निघालं म्हणून आधी दचकलीस,
मग बिया काढून एकेक फोड माझ्या तोंडाशी धरलीस,
कारण माझे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले.
गल्ली एवढी चिंचोळी
की आरसे मिटून घेतले होते गाडीने.

संत्रं दुसऱ्या गावातलं, मी म्हणते. नोतोतलं.
भांडण दुसऱ्या गावातलं, तू म्हणतोस.
फोटो मागवता येतो, खाली पत्ता दिलाय.
पण तो कॅमेरा मागून टिपतो:
नंबरप्लेट, डिकी,
आणि फार तर दोन डोक्यांच्या मागच्या बाजू.
त्यावरून काय कळणार?

देऊळ मात्र दोघांनाही आठवतं.
म्हणजे चर्च. म्हणजे आधी देऊळ, ग्रीकांचं;
खांब होते तसेच ठेवून
मधल्या मोकळ्या जागा दगडांनी भरून काढल्या,
झाली भिंत.
एकतीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेला तू
एका कललेल्या खांबाला हात लावून उभा राहिलास.
‘भूकंपात सरकलाय,’ म्हणालास. ‘बघ, केवढा सरकलाय.’
मी छताकडे पाहिलं.
छत होतं.

पैसे भरायला लक्ष्मी रोडच्या बँकेत गेलो.
फॉर्मवर रकाना: परदेशी रक्कम पाठवण्याचे कारण.
सोनटक्के मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.
शिक्षण आहे, औषधोपचार आहे, नातलगाचा निर्वाह आहे.
‘दंड असं काही यात बसत नाही हो.
पर्यटन लिहा.’
तू पर्यटन लिहिलंस. मी शेजारी सही केली,
खातं जॉइंट आहे.

येताना सारसबागेच्या वळणावर
तुझा हात इंडिकेटर द्यायला गेला
आणि वायपर सुरू झाला.
त्या बेटावर प्रत्येक वळणाला व्हायचं तसं,
दहा महिन्यांनी, आपल्याच गाडीत,
कोरड्या ठणठणीत काचेवर.
बंद कर, असं मी म्हणाले नाही.
तूही केला नाहीस लगेच.
तो कुरकुरत गेला, कुरकुरत आला,
काचेवरच्या धुळीत
एक अर्धं वर्तुळ स्वच्छ झालं.

मागून रिक्षावाला काहीतरी ओरडला.
ते मात्र दोघांनाही
अगदी सारखं ऐकू आलं.