सीलबंद

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गाळा नंबर सतरा.
लूमच्या मोटारी, बोअरचे पंप, सायलेन्सर नसलेली एक रिक्षा
आणि त्यांच्या मधोमध, धुतलेल्या ताडपत्रीवर,
एक कोटी ऐंशी लाखांची गाडी,
जमिनीपासून चार बोटं वर,
परक्या लग्नात आलेल्या पाहुणीसारखी अवघडून.

चिलवेरी शेठ म्हणाले, पुण्याला न्यायचे
ट्रकवाला चाळीस हजार मागतोय.
गुरुसिद्ध, आधी तू कान लाव.

लावला.
लांब स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला.
आत कुणीतरी सावकाश खडीसाखर चावत होतं.

तेल काढलं. मुबीननं त्यात लोहचुंबक फिरवला
आणि चुंबकाला मिशी फुटली,
बारीक, चमचमती.
शेठना वाटलं, चांगलं लक्षण असेल.

इंजिन खाली यायला तीन दिवस.
फ्लायव्हीलच्या मागं, अगदी पोटात,
दोन बोटांत मावेल एवढंसं बेअरिंग.
मी ओळखलं त्याला. म्हणजे त्याची जात ओळखली.
पाण्याच्या मोटारीत हेच घालतो आम्ही,
स्टेशनजवळ साडेचारशेला मिळतं,
उभं राहून घासाघीस केली तर चारशे.

दोन्ही बाजूंना रबरी झाकण.
आत ग्रीस, एकदाच भरलेलं, जन्माला पुरेल अशा हिशेबानं.
ते कधीच निथळून गेलेलं.
भोवती नऊ लिटर महागाचं तेल उसळतंय
आणि गोळ्या कोरड्या.
अजून शंभरेक किलोमीटर, बोरामणीच्या पुढं कुठंतरी
चेन घसरली असती,
वॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते,
आणि मग शेठना ट्रकसुद्धा स्वस्त वाटला असता.

राग नाही आला मला. हसू आलं.
मग त्या माणसाचा विचार आला, तिकडचा,
ज्यानं पहिल्या नकाशात इथं
तेलासाठी बारीक भोक ठेवलं असणार.
नंतर कुणीतरी विचारलं असणार,
हे पाडायला किती सेकंद? गुणिले किती गाड्या?
त्यानं खोडरबर घेतलं.
फुंकर मारून कागद साफ केला.
गाडीच्या आवाजात काटकसर नाही,
सीटच्या चामड्याला दुहेरी शिवण,
चाकावरच्या बिल्ल्याचं वजनच पाव किलो.
डोळ्याला दिसतं तिथं कुठंच हात आखडलेला नाही.

सुवर्णा, माझी बायको,
शेठच्या कारखान्यात एकोणीस वर्षं टॉवेलच्या घड्या घालते.
ती सांगते, निर्यातीचा भाव पडला त्या साली
पाचशे ग्रॅमचा टॉवेल चारशे सत्तरचा झाला.
किनार तीच, शिक्का तोच.
गिऱ्हाइकाला हातात घेऊन कळत नाही,
तिच्या मनगटाला पहिल्याच दिवशी कळलं.

शेठनी बेअरिंग बोटावर फिरवलं. करकर.
पुन्हा फिरवलं.
विचारलं, किती वाचले असतील रे त्यांचे, एका गाडीमागं?
म्हटलं, असतील चार-पाचशे.
शेठनी मान हलवली.
ती तक्रारीची मान नव्हती,
रात्री उशिरा वहीची बेरीज जुळते, तशी होती.

नवीन बेअरिंग आणलं, स्टेशनजवळूनच, पण जरा बरं.
एका बाजूचं झाकण दाभणानं उचकटलं, फेकून दिलं.
ये म्हटलं तेलाला, आत ये.

आणि आता हे लिहूनच टाकतो.
पुस्तकात होतं, बोल्ट नवे वापरा, जुने ताणलेले असतात.
बारा बोल्ट. तिकडून यायला सहा आठवडे,
आणि शेठना रविवारी हैदराबादला लग्न.
मी जुनेच रॉकेलनं पुसले, एकेक उजेडाला धरून बघितला,
कसले.
मुबीन बघत होता. काही बोलला नाही.
शिकत असणार.

गाडी फाटकातून निघाली तेव्हा
चहाच्या टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले.
शेठनी काच खाली केली.
पक्कं झालं ना?
झालं की, म्हटलं.

आवाज पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू येत होता,
मग वळणापर्यंत.
मी हात पुसत उभा होतो,
मुबीननं दोनदा हाक मारली तरी.