कापसाची काडी

पहाटे पाचला वाघोडियाचा टेम्पो
खंडेराव मार्केटच्या मागच्या अंगाला लागतो.
मी हातमोजे चढवते, नळीचं बूच काढते,
ओल्या कापसाची काडी
क्रेटच्या कोपऱ्यांतून फिरवते,
बाळाचा कान पुसावा तशी.

अकरा: गोणपाट, पालक.
बारा: बांबूचा टोपला, मेथी.
तेरा: निळा क्रेट, कोथिंबीर.
"ए तो धोयेलुं छे," हसुमतीबेन म्हणतात,
आणि खरंच तो धुतलेला असतो,
काल रात्री, त्याच एका बादलीत
जिच्यात त्याआधी सात क्रेट बुडून गेले.

मग पेटीत एक रात्र, सदतीस अंशांवर.

माझा संशय टोपल्यावर होता.
काळपट, कडेला तारेनं शिवलेला,
कामट्यांच्या फटींत कुठकुठल्या शेतांची माती.
त्याच्या तबकडीत मोजून एकोणीस ठिपके.
निळ्या, गुळगुळीत क्रेटच्या तबकडीत
बोट ठेवायला जागा नाही,
साबुदाणा भिजून फुगावा
तशी गुलाबी दाटी.
वहीत लिहिलं: मोजता आले नाहीत.

भिंग धरून पुन्हा क्रेट पाहिला.
चरे. विळ्याचे, फरशीवर ओढल्याचे,
आणि चऱ्यांत ओल.
रात्रभर क्रेट एकात एक बसलेले असतात, ओलेच.
टोपला कशातच बसत नाही,
म्हणून एकटा भिंतीला पालथा, वाऱ्यावर.

"एका टोपल्यावरून शहाणी होऊ नकोस,"
टिपणीस मॅडम म्हणाल्या. "चाळीस नमुने आण."

हसुमतीबेनना मोबाइलवर फोटो दाखवला.
त्यांनी चष्मा वर सरकवला. "कलर सरस छे."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मी म्हटलं, क्रेट उन्हात पालथे घाला.
त्यांनी वर बोट केलं:
पत्रा, ताडपत्री, पुन्हा पत्रा.
इथे ऊन अकराला उतरतं,
माल नऊला संपतो,
आणि अडीच फुटांच्या जागेत
त्या स्वतःच दुमडून बसलेल्या.

निघताना कोथिंबिरीची जुडी दिली, पैसे घेतले नाहीत.
पातळ पिशवी, वर घट्ट गाठ.
स्कूटरच्या हुकाला लटकून
मांडवीपासून घरापर्यंत ती आतून घामेजत आली.

फ्रिजचा भाजीचा खण ओढला.
तळाशी एक काळं पान, चिकटलेलं,
थोडं पाणी, कधीचं कोण जाणे.
खण शेवटचा कधी धुतला
आठवेना. दिवाळीत? कुठल्या?

पर्समध्ये एक काडी उरली होती.
कोपऱ्यांतून फिरवली. बूच लावलं.
एकेचाळीस: पांढरा खण, कोथिंबीर.
मालकाचा रकाना
अजून कोराच आहे.